सिएरा लिओनच्या लेबर रूममध्ये सेवेला जायचं तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली सिएरा लिओनमध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ४४३ माता दगावल्या. साधारण त्याच काळात, २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत, भारताचा आकडा ९७ होता आणि महाराष्ट्राचा ३३. पश्चिम आफ्रिकेतल्या या लहानशा देशाने १९९१ ते २००२ यादवी युद्ध सोसलं, २०१४ मध्ये सुरू झालेल्या इबोलाच्या साथीत आपले डॉक्टर आणि नर्स गमावले, आणि एवढं होऊनही मातामृत्यू पूर्वीपेक्षा खूप खाली आणले. एप्रिल २०१० पासून तिथे गरोदर आणि स्तनदा मातांना, तसंच पाच वर्षांखालच्या मुलांना सरकारी उपचार मोफत आहेत. तरी औषधं मध्येच संपतात, रक्तपेढी रिकामी असते आणि प्रशिक्षित प्रसविका गरजेच्या मानाने फार थोड्या आहेत.

आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत लेबर रूम सांभाळलेल्या सिस्टरांचा हात अशा ठिकाणी खरोखर उपयोगी पडतो. धारणी किंवा अक्कलकुव्याला ज्यांनी रात्रपाळ्या काढल्या आहेत, त्यांना अंगात रक्त नसलेली, रस्त्यातच निम्मा दिवस गेलेली बाळंतीण नवीन नसते. जायचं कसं, याला मात्र एक क्रम आहे. तो सांगण्याआधी माझं मत मांडते. किमान सहा महिने राहता येणार असेल आणि तिथल्या मेट्रनच्या हाताखाली काम करायची मनापासून तयारी असेल, तरच जा. पंधरा दिवसांसाठी आलेल्या पाहुणीला कुठलं सामान कुठल्या कपाटात आहे हे दाखवण्यातच तिथल्या सिस्टरचा वेळ जातो, आणि ती रुळते न रुळते तोच तिच्या परतीच्या विमानाची वेळ होते.

अर्जाच्या आधी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेलं असावं आणि आपल्या नर्सिंग कौन्सिलकडे नर्स व मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी चालू असावी. त्यापुढे निदान दोन वर्षं सलग लेबर रूमचा अनुभव हवा. ओपीडी, वॉर्ड किंवा शिकवण्याची वर्षं यात धरू नका. पायाळू बाळ, जुळी, अडकलेले खांदे, न सुटलेली वार, झटके आणि अंगावरून जाणारं रक्त या गोष्टी तुम्ही स्वतःच्या हाताने हाताळल्या आहेत का, याची एक यादी करा आणि प्रत्येकीपुढे खरं उत्तर लिहा. जिथे उत्तर ‘फक्त पाहिलं आहे’ असं येईल, ती गोष्ट आधी इथे, वरिष्ठ डॉक्टर आणि सिस्टर शेजारी उभ्या असताना शिका.

हा मुद्दा मी ताणून धरते, कारण तिथली कामाची विभागणी आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे व्हॅक्यूम लावायला बहुतेक ठिकाणी डॉक्टर येतात. तिथे अनेकदा प्रसविकाच लावते, आणि अर्धवट गर्भपातानंतर गर्भपिशवी साफ करण्याचं कामही तिच्याकडे येऊ शकतं. सिझेरियनला प्रत्येक वेळी एमबीबीएस डॉक्टर असेलच असं नाही. शस्त्रक्रियेचं खास प्रशिक्षण घेतलेले कम्युनिटी हेल्थ ऑफिसर तिथे ती करतात आणि चांगली करतात. अशा वातावरणात ‘इथे चालतं, तर मीही करून बघते’ असा मोह होतो. जे इथे करायची परवानगी नाही आणि सरावही नाही, ते तिथल्या गरीब बाईवर पहिल्यांदा करून बघायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

इंग्रजी बोलता-लिहिता आलं की काम भागतं. सिएरा लिओनची राजभाषा इंग्रजी आहे आणि केसपेपर इंग्रजीतच असतात. शेजारच्या गिनीत जायचं असेल तर फ्रेंच लागेल.

संस्था कोणती

‘आमच्याकडे आफ्रिकेत प्रसूतिसेवेचा अनुभव घ्या’ म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या कंपन्या आहेत. शिकाऊ मुलींनाही त्या लेबर रूममध्ये उभ्या करतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. विश्वासार्ह संस्था तुमच्याकडून फी घेत नाही. ती प्रवास, राहणं, विमा आणि महिन्याचं मानधन देते, मुलाखत कडक घेते आणि नापासही करते. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स म्हणजे एमएसएफ भारतातून नर्स आणि मिडवाइफ घेते. सिएरा लिओनमध्ये केनेमाजवळ हांघा इथे त्यांचं रुग्णालय २०१९ मध्ये सुरू झालं. पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था इबोलाच्या साथीपासून कोनो जिल्ह्यात कोइडूच्या सरकारी रुग्णालयाबरोबर काम करते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत आणि व्हीएसओ या स्वयंसेवी संस्थेतही आरोग्यसेवेच्या जागा निघतात. जागा बदलत राहतात, म्हणून त्या-त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, एजंटाच्या व्हॉट्सअॅप निरोपावर जाऊ नका.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. मी कोणाला रिपोर्ट करणार? रात्री सिझेरियनची सोय आहे का, नसेल तर पुढचं रुग्णालय किती तासांवर आहे? रक्त कुठून येतं? सुई टोचली तर औषध किती वेळात मिळेल? आजारी पडल्यास मला बाहेर काढण्याचा खर्च विम्यात आहे का? माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि माझ्यानंतर कोण येणार? शेवटच्या प्रश्नाला संस्थेकडे उत्तर नसेल, तर जरा थांबून विचार करा.

कागद, रजा, लस

सरकारी नोकरीत असाल तर आधी ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा लेखी आदेश हातात घ्या. साठलेली अर्जित रजा पुरत नसेल तर असाधारण रजा मागावी लागेल, आणि तिचा वेतनवाढीवर व निवृत्तिवेतनावर काय परिणाम होईल हे आस्थापना शाखेतून समजून घ्या. कौन्सिलकडून ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, पदवी आणि नोंदणीचं परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकन, तिथल्या नर्सिंग-मिडवाइफरी नियामकाची परवानगी आणि व्हिसा ही कामं संस्थेच्या सल्ल्याने एकेक करून करा. पहिली नेमणूक दक्षिण सुदान, येमेन किंवा अफगाणिस्तानला मिळाली, तर हे देश एमिग्रेशन क्लिअरन्सच्या यादीतले आहेत आणि नर्सच्या भरतीला तिथे वेगळे नियम लागतात. सिएरा लिओन त्या यादीत नाही.

लसींचं वेळापत्रक मात्र आधीपासून लावा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, आणि त्यानंतर रक्ततपासणीत प्रतिपिंडांची पातळी दहाच्या वर आली आहे हे पाहायचं असतं. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतीच्या वेळी भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. मलेरियाची प्रतिबंधक गोळी एकही दिवस चुकवायची नाही.

हात तयार करणं

जाण्याआधीचे दोन महिने मी पूर्णपणे सरावाला देईन. कशाचा सराव, हे नेमकं सांगते, कारण इथेच जीव वाचतात.

सगळ्यात आधी अँप्यूल. आपल्याकडे मॅग्नेशियम सल्फेटचं अँप्यूल सहसा दोन मिलिलिटरचं, म्हणजे एक ग्रॅमचं असतं. झटके आलेल्या बाईला प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम द्यायचे, तर आपला हात सवयीने पाच-पाच अँप्यूल फोडतो. आंतरराष्ट्रीय पुरवठ्यात मात्र दहा मिलिलिटरचं, पाच ग्रॅमचं अँप्यूल येतं. तिथे एका कुल्ल्याला एकच पुरतं. ऑक्सिटोसिनचंही तसंच आहे. आपलं अँप्यूल बहुधा पाच युनिटचं असतं, तर तिकडे दहा युनिटचंही मिळतं. म्हणून अँप्यूल मोजून औषध द्यायची सवय आजपासून सोडा. लेबल मोठ्याने वाचायचं, ग्रॅम किंवा युनिट उच्चारायचे, मग सिरिंजमध्ये ओढायचं. मॅग्नेशियमचा पुढचा डोस देण्याआधी श्वास मिनिटाला सोळाच्या वर, गुडघ्याची उसळी शाबूत आणि लघवी तासाला तीस मिलिलिटरपेक्षा जास्त, या तिन्ही गोष्टी पाहायच्या. कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये, समोर दिसेल असं ठेवायचं.

दुसरा सराव रक्त मोजण्याचा. डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी भरतो आणि ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवरचा ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास प्रसिद्ध झाला. खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावून रक्त मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, सलाइन आणि आतून तपासणी या गोष्टी एकामागून एक करत न बसता एकत्र सुरू करायच्या, एवढीच ती पद्धत. गंभीर रक्तस्राव त्याने ६० टक्क्यांनी घटला. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत, आणि बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत. पिशवी नसेल तर मोजपट्टी आखलेली थाळी वापरता येते. टांझानियात बायका नेसतात ते दोन कांगा भिजले की पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं, असं गावातल्या दायांनाही शिकवलं गेलं होतं. सिएरा लिओनमध्ये बायका लापा नावाचं कापड नेसतात आणि बाळंतपणात अंगाखालीही तेच घालतात. ते किती भिजलं हे पाहायचं, आणि बाळंतिणीच्या अंगाखालून काढून फेकण्याआधी पाहायचं.

ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवं. वीज जाते, जनरेटरचं डिझेल संपतं, आणि गरम झालेलं इंजेक्शन पाण्यासारखं निकामी होतं. दिसायला मात्र ते तसंच स्वच्छ दिसतं. म्हणून फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं काम तुम्ही मागून घ्या. मिसोप्रोस्टोल गोळी असल्याने फ्रिजशिवाय टिकते. रक्तस्राव टाळायला सहाशे मायक्रोग्रॅम गिळायला द्यायचे, आणि सुरू झालेल्या रक्तस्रावाला आठशे जिभेखाली, हे आकडे तोंडपाठ हवेत.

तिसरा सराव न रडणाऱ्या बाळाचा. पहिल्या मिनिटाच्या आत श्वास सुरू व्हायला हवा. बाळ पुसायचं, पाठ चोळायची, आणि तरीही श्वास नसेल तर बॅग-मास्क. ड्युटीवर आल्याबरोबर बॅग हातात घ्या, मास्क तळहातावर घट्ट दाबा आणि बॅग दाबून पाहा. झडप उघडल्याचा आवाज आला की बॅग ठीक. नुसती हवा सुटली तर ती फाटली आहे किंवा चुकीची जोडली आहे. हे कळायची वेळ बाळ निळं पडल्यावरची नसावी. बाळाचा श्वास सुरू करायला डॉक्टरी पदवी लागत नाही, हे आपल्या गडचिरोलीतच सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवली. त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

सामानात डोक्याला बांधायचा टॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बाळाचे ठोके ऐकायचा पिनार्ड आणि बंद बूट घ्या. मे ते ऑक्टोबर प्रचंड पाऊस असतो, आपल्या कोकणाइतका. मुदत संपत आलेल्या औषधांची खोकी भरून नेऊ नका. ती नष्ट करायचं काम तिथल्या माणसांच्या गळ्यात पडतं.

पोचल्यावर

विमान लुंगीला उतरतं आणि फ्रीटाउनला बहुतेक लोक खाडी ओलांडून बोटीने जातात. तिथून पुढे जिल्ह्याचं ठिकाण.

पहिले पंधरा दिवस कुठलीही सुधारणा सुचवू नका. मेट्रनना जाऊन भेटा, त्यांना विचारून ड्युटी घ्या आणि तिथल्या सिस्टरबरोबर पाळी लावा. हातमोजे कुठे, रक्ताचा फॉर्म कुठला, थिएटरच्या माणसांना रात्री उठवायचं कसं, तिथे जुना पार्टोग्राफ भरतात की २०२० चा नवा लेबर केअर गाइड, हे सगळं पाहून घ्या. जुन्यात चार सेंटिमीटरपासून सक्रिय कळा धरतात, नव्यात पाचपासून. दोन्ही डोक्यात गोंधळले की बाईला विनाकारण रेफर केलं जातं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथले कित्येक आरोग्य कर्मचारी सरकारी पगारपत्रकावर नसतात आणि तरीही रोज कामावर येतात. तुम्हाला मानधन, राहायला खोली आणि विमा आहे. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला कदाचित यातलं काहीच नसेल. तिचा मान पहिला.

क्रिओ भाषा कान देऊन ऐकली की लवकर समजते. ‘कुशे’ म्हणजे नमस्कार, ‘हाउ दि बोडी?’ म्हणजे तब्येत कशी आहे, बाळ म्हणजे ‘पिकिन’, पोट म्हणजे ‘बेले’. दक्षिणेत आणि पूर्वेला मेंडे, उत्तरेला टेम्ने बोलतात, तेव्हा संमती घेताना तिथल्या सिस्टरला दुभाषी करा, नातेवाइकाला शक्यतो नको.

बाई उशिरा येते तेव्हा तिच्यावर ओरडू नका. घरात निर्णय व्हायला वेळ, रस्त्यात वेळ आणि दवाखान्यात उपचार सुरू व्हायला वेळ, असे तीन विलंब १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी मांडले, आणि आजही बहुतेक मातामृत्यूंत त्यातला एक तरी सापडतो. दिवस भरलेली बाई ओकाडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, दोघांच्या मध्ये बसून येते. बो जिल्ह्यात एमएसएफने अँब्युलन्स आणि चोवीस तासांची आपत्कालीन प्रसूतिसेवा मोफत दिली, तेव्हा तिथले मातामृत्यू उरलेल्या देशापेक्षा ६१ टक्के कमी झाल्याचा अंदाज त्यांच्या २०१२ च्या अहवालात आहे. तिसरा विलंब तुमच्या हातात आहे. बाई दारात आल्यापासून पहिलं इंजेक्शन किती मिनिटांत लागलं, हे लिहीत जा.

तिच्याबरोबर गावची दाई आलेली असेल. २०१० पासून घरी बाळंतपण करण्यावर स्थानिक नियमांनी दंड आहे, म्हणून दाया बायकांना दवाखान्यात घेऊन येतात. दाईला बाहेर काढू नका. पुढची बाई वेळेत आणायची की नाही, हे तीच ठरवणार आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही येतील. झटक्यांचा धोका त्यांना जास्त असतो, म्हणून रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासल्याशिवाय एकीलाही बाकावर बसवून ठेवू नका. बहुतेक बायकांची लहानपणी सुंता झालेली असते. तपासताना चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका, प्रश्न विचारू नका, टाके नीट घाला.

ताप असलेल्या गरोदर बाईला हात लावण्याआधी लासा तापाचा विचार करा, विशेषतः केनेमाकडे. उंदरांपासून येणारा हा रोग गरोदरपणात फार घातक ठरतो आणि रक्तातून परिचारिकेलाही होतो. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच पाळीत सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यायचं असतं.

आपल्याकडे वर्षभरात क्वचित पाहावा लागतो तो मृत्यू तिथे वारंवार पाहावा लागेल. रक्त असतं तर वाचली असती, अशी बाई तुमच्या हातात जाईल. त्या रात्री एकट्या खोलीत बसू नका. संस्थेत बोलायला माणूस असतो, त्याच्याशी बोला, आणि दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या आढाव्याला बसा. मेलेल्या बाळाला कापडात गुंडाळून आईला पाहायचं आहे का, हे विचारा. फोटो मात्र कोणाचाच काढू नका, ना आईचा, ना बाळाचा. नवजात आफ्रिकन बाळ छातीशी धरलेला फोटो स्टेटसवर टाकायला त्या आईने परवानगी दिलेली नसते.

निघताना

शेवटच्या महिन्यात नवं काही सुरू करू नका. जे चाललंय ते दुसरीच्या हाती द्या. फ्रिजचं तापमान लिहायची वही, रोजची बॅग तपासणी, रक्तस्रावाची तयार पेटी, यांतलं जे तुमच्याशिवाय चालू राहील तेवढंच टिकेल. बाहुलीवर शिकवायचं असेल तर शिकवणारी तिथलीच सिस्टर असू द्या आणि तुम्ही मागे उभ्या राहा.

परतल्यावर मलेरियाची गोळी लगेच बंद होत नाही. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस पुढे घ्यायची. तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी पश्चिम आफ्रिकेतून आले आहे’ हेच सांगा.

जायचं ठरत असेल तर हिपॅटायटिस बीचा पहिला डोस याच आठवड्यात घ्या आणि आस्थापना शाखेत रजेची चौकशी करून ठेवा. सहा महिन्यांची रजा या वर्षी मिळत नसेल तर अर्ज पुढच्या वर्षी करा. तोवर मेळघाटात, नंदुरबारात, गडचिरोलीत लेबर रूममधल्या नर्सच्या जागा रिकाम्या असतात, तिथे बदली मागून घ्या.